भिमीची ढाक मला दिसलीच नाही

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला एका जागी बसवत नाही. वाशिंद स्टेशनजवळच्या एका गाळ्यात, लोखंडी कपाटाच्या मधल्या फळीवर मला ठेवलं आहे. एका बाजूला लग्नातल्या लायटी, दुसऱ्या बाजूला तुटक्या वायरींचं गाठोडं. मालगाडी गेली की फळी थरथरते आणि मला वाटतं, चला, निघायचं! मग गाडी निघून जाते, फळी थांबते आणि मी आपला तिथेच. खांद्यावर घेऊन चालवायचा एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे मी. वय विचाराल तर तेरा वर्षं. तुमच्यात ते खेळायचं वय, आमच्यात म्हातारपण.

ही अस्वस्थपणाची खोड माझ्या जन्माची नाही. जन्मलो तेव्हा मी शांत होतो. दूरदेशीच्या एका कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या बायांनी मला जोडलं, काच बसवली, एकेक स्क्रू पिळून पाहिला. पहिल्यांदा डोळा उघडला तेव्हा समोर रंगीत पट्ट्यांचा एक तक्ता होता. तो मी तासभर बघत राहिलो. हलायचं असतं, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं. खोड लागली ती मुंबईत.

मुंबईतल्या एका स्टुडिओत टीव्हीवरच्या कुस्तीचा कार्यक्रम व्हायचा. चकचकीत चड्ड्या, मुखवटे, धूर, दोरखंडांचं रिंगण. कोण जिंकणार हे सकाळीच कागदावर लिहिलेलं असायचं. काळा मुखवटा घालून डरकाळ्या फोडणारा पैलवान जेवणाच्या सुट्टीत समोरच्याला हळूच विचारायचा, "काल खांद्याला लागलं तर नाही ना रे?" मला मोठी गंमत वाटायची.

तिथे आम्ही चार कॅमेरे होतो. मला चालवायचा तो वाशिंदचाच सुयोग. त्याच्या कानात दिग्दर्शकाचा आवाज सतत चालू असे. "सुयोग, झटका! झटका दे!" ठोसा गालापासून चार बोटं लांब थांबायचा, त्याच क्षणी पैलवान पोकळ फळ्यांवर पाय आपटायचा, आणि त्याच क्षणी सुयोग मला गदकन हलवायचा. बस्स! घरी बसलेल्या माणसाला वाटायचं, काय ठोसा बसला! मधली ती चार बोटं दिसतील अशा बाजूला आम्ही कधी उभेच राहायचो नाही. आणि अगदीच लपत नसेल तर चित्र बदलून ओरडणाऱ्या गर्दीवर जायचं. खोटं काय आणि खरं काय, ते माझ्या एका हिसक्यावर ठरायचं. त्याचा मला केवढा गर्व होता म्हणून सांगू! दिग्दर्शक म्हणायचा, हा कॅमेरा नाही, रिंगणातला तिसरा पैलवान आहे.

एक गोष्ट मात्र तेव्हाही मला खुपायची. ते पैलवान पडायचे ते खरोखर पडायचे. उंचावरून फळीवर पाठ टेकायची तर केव्हा श्वास सोडायचा, हनुवटी कुठे दाबायची, हे त्यांनी वर्षानुवर्षं शिकून घेतलेलं असे. पाठी काळ्यानिळ्या व्हायच्या. ते कसब माझ्या झटक्यांत कोणाला कधी दिसलंच नाही. पण तेव्हा विचार करायला वेळ कोणाला होता?

कार्यक्रम बंद पडला. स्टुडिओने सामान काढलं तेव्हा सुयोगने मला घेतलं आणि वाशिंदला आणलं. त्याची बायको अंजू लॅपटॉप सांभाळते. दोघांनी गाळा थाटला. लग्नं, हळदी, टेनिस बॉलच्या क्रिकेटचे सामने, सगळीकडे मी. जिकडेतिकडे कौतुक. "टीव्हीवाला कॅमेरा हाय," म्हणून हळदीत बायाही पदर सावरून माझ्यासमोर नाचायच्या. एकदा तर अंतरपाट बाजूला होताना सुयोगने सवयीने मला असा झटका दिला, की नवरा-नवरीच्या जागी भटजींचं नाक आलं. नवरीच्या आईने विचारलं, "सुयोग, त्या टायमाला भूकंप झाला व्हता काय रे?" सगळे हसले. मीही हसलो. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

आता भिमीबद्दल सांगतो. तिच्यासाठीच तर हे सगळं सांगायला बसलोय. बसलोय कसला, नुसता चुळबुळतोय.

भिमी शेणव्याच्या वरच्या ठाकूरवाडीतली. या गोष्टीच्या वेळी वय एकोणीस. बाप कमळू भात लावतो, उन्हाळ्यात रानातली करवंदं आणि मोहाची फुलं आणतो. शेणव्याला महिपत वस्तादांची पत्र्याची तालीम आहे. महिपतांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उताराने पळताना. "हिचे पाय बगा, पाय," असं म्हणत ते थेट कमळूच्या दारात गेले. तेव्हापासून सहा वर्षं ती रोज सकाळी उतरून तालमीत यायची. मैदानात ज्या पोरीची जोड सहज लागेल अशी पैलवान व्हायचं, एवढंच तिला हवं होतं. जोड लावणं म्हणजे वजन-उंची पाहून कोणाशी कोण लढणार ते पंचांनी ठरवणं. आमच्याकडे एका मैदानात नाव झालं की पुढच्या गावचं बोलावणं येतं. आणि एका मैदानात नाव गेलं तर पुढचं एकही गाव बोलावत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रात, माळशेजच्या वाटेवर वैशाखऱ्याच्या अलीकडे एका गावची जत्रा होती. दुपारी कुस्त्या. गर्दी एवढी, की मागच्यांना दिसावं म्हणून त्या वर्षी पहिल्यांदाच मोठा पडदा लावलेला. मी दाखवीन ते पडद्यावर आणि मोबाइलवर लाइव्ह. भिमीची जोड लागली मनालीशी. मनाली कल्याणच्या बाजूची, शेतकऱ्याघरची, अंगाने भारी आणि तीन वर्षं न हरलेली. दोघींनी माती लावली, हात मिळवले, ढोल सुरू झाला.

सहा-सात मिनिटं नुसती पकड चालली. मान, मनगट, पुन्हा मान. ज्यांना कुस्ती कळते ते श्वास रोखून बसले होते. सुयोगला मात्र ते कंटाळवाणं वाटलं. मलाही, खोटं कशाला बोलू! आम्ही दोघं नुसते वळवळत होतो. जवळ जा, लांब ये, ढोलवाल्याकडे बघ, परत ये. तेवढ्यात भिमीचा हात मनालीच्या मानेभोवती गेला आणि कंबर वळली. मानेला विळखा घालून कमरेवरून पलटी मारायची, त्या डावाला ढाक म्हणतात. भिमी वळली आणि सुयोगच्या हाताला मुंबई आठवली. गदकन झटका! झूम करून भिमीचा चेहरा! मग गर्दी! मग पुन्हा मातीकडे आलो तेव्हा मनाली उताणी होती आणि पंचांनी हात वर केला होता.

मित्रांनो, मी आखाड्यापासून सात-आठ हातांवर होतो. माझा डोळा उघडा होता. आणि सहा वर्षांच्या मेहनतीचा तो एक क्षण मला दिसलाच नाही.

पडद्याकडे बघणाऱ्यांना तरी काय दिसणार? दोघी उभ्या, मग चित्र हललं, मग एक उताणी. मागून एकजण ओरडला, "नुरा! नुरा!" ठरवून लढायची, पैसे घेऊन पडायची खोटी कुस्ती म्हणजे नुरा. पैलवानाला याहून वाईट शिवी नाही. एकाचे चार झाले, चाराचे चाळीस. माझं तेवढंच चित्र कापून कोणीतरी मोबाइलवर फिरवलं. "बघा, आपणहून झोपली." संध्याकाळपर्यंत ते मुरबाडच्या चहाच्या टपऱ्यांवर पोचलं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्या गर्दीत दुसऱ्या कोणी मोबाइलवर चित्रण केलं नसेल का? महिपतांनी चार दिवस फिरून शोध घेतला. एकात कोणाचा तरी फेटा होता, एकात ढोलवाल्याची पाठ. बाकी सगळ्यांनी पडद्याचंच चित्रण केलं होतं. म्हणजे माझंच!

सगळ्यात वाईट वाटलं ते जत्रेच्या गावातल्या गिरजाआजीचं. ती आखाड्याच्या अगदी कडेला बसली होती, मातीचे खडे तिच्या अंगावर उडाले होते. "मी बगितली ना डोळ्यांनी, पाठ लागली तिची," असं ती सांगायची. लोक तिला मोबाइल दाखवायचे. "यात कुठं हाय गो आजी?" आणि ज्या पंचांनी हात वर केला, तेसुद्धा आठ दिवसांनी चाचरायला लागले. "मना दिसली व्हती. पण व्हिडिओत नाय दिसत..." स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यांना माझा डोळा खरा वाटला. एकेकाळी याच गोष्टीचा मला गर्व होता. आता मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या गावच्या मैदानातून महिपतांना निरोप आला, की या वर्षी भिमीला आणू नका. त्याच्या पुढच्या गावानेही तेच कळवलं.

एका दुपारी गाळ्याचं शटर अर्धं वर होतं. आत दोन पोरी शिरल्या. एक भिमी. दुसरी कोण असेल? मनाली! जिने पाडलं ती आणि जी पडली ती, दोघी एका स्कूटीवर आल्या होत्या. सुयोग उभाच राहिला.

मनालीच बोलली. "सुयोगदादा, मी हरले. हरले ते हरले, त्याचं कायपण नाय. पण मी पैसे घेतले असं माझ्या आळीत बोलतात. माझा बाप मैदानाचं नाव काढत नाय. तुमचा पूर्ण व्हिडिओ द्या. त्यात असंल."

अंजूने लॅपटॉप उघडला. तिघींनी आणि सुयोगने ती सात मिनिटं पुन्हा पुन्हा पाहिली. हळू करून पाहिली. एकेक चित्र थांबवून पाहिलं. झटक्यात नुसते रंगाचे ओरखडे होते. मी टेबलावर पडून होतो, बॅटरी काढलेली, आणि आतून नुसता तडफडत होतो. नाही गं पोरींनो, माझ्या पोटात ते नाहीच!

"नाय," भिमी म्हणाली. एवढंच. आणि उठली.

तेव्हा अंजू सुयोगला म्हणाली, "अहो, तुमाला झटका द्यायला शिकवलं ते खोटं लपवायला. इथं लपवायला काय व्हतं?" सुयोगचं तोंड उतरलं. त्याने माझा पट्टा गुंडाळून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "चूक माझी हाय. लोकांसमोर सांगतो."

"तुमी सांगून कोण ऐकंल?" मनाली म्हणाली. "बोलतील, याला पण पैसे दिले." मग ती भिमीकडे वळली. "परत लढशील?"

महिपत वस्तादांना हे कळलं तेव्हा ते चिडले. तालमीच्या दारात उभं राहून त्यांनी भिमीला सुनावलं, "भिमे, तू एकदा जिंकलीस ते नशीब आणि मेहनत दोन्ही. ती भारी हाय. आता हरलीस तर लोक बोलतील, पयली खोटीच व्हती. काय करशील?"

भिमी म्हणाली, "वस्ताद, हरले तर हरले दिसू दे. पण दिसू दे."

रविवारी सकाळी शेणव्याच्या तालमीत कुस्ती ठरली. अंजूने तीन दिवस आधी सगळीकडे कळवलं. पंच आले. गिरजाआजी आली. मनालीचा बाप आला आणि खांबाला टेकून उभा राहिला. आरोप करणाऱ्यांतलेही पाच-सहा जण मजा बघायला आले. सुयोगने मला खांद्यावर घेतलं नाही. त्याने तिपाई आणली, मातीत तिचे पाय रोवले, मला वर बसवलं आणि इतकं लांब ठेवलं की दोघी पूर्ण दिसाव्यात, पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत, आणि भोवतालची सगळी माती. मग सगळे खटके आवळले आणि मला म्हणाला, "आता हलायचं नाय."

मला! ज्याला तिसरा पैलवान म्हणायचे त्याला!

ढोल नव्हता. मातीवर पायांचा आवाज आणि दोघींचे श्वास. पहिली तीन मिनिटं माझ्या जिवाची नुसती काहिली झाली. जवळ जावंसं वाटत होतं, चेहरा बघावासा वाटत होता. पण जाता येईना, म्हणून मी नाइलाजाने बघत राहिलो. आणि हळूहळू मला दिसायला लागलं. भिमी उजव्या पायाचा अंगठा आधी मातीत रुतवते, मगच पुढे सरकते. मनाली मान देते ती मुद्दाम, हात ओढून घ्यायला. आधीच्या कुस्तीत ज्या सात मिनिटांना मी कंटाळलो होतो, त्यात हे सगळं चाललेलं असणार. हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो.

पाचव्या मिनिटाला भिमीचा हात मानेभोवती गेला. कंबर वळली. मी पाहिलं, बाजूला सुयोगचा हात आपोआप माझ्या मुठीकडे आला. दोन बोटांवर येऊन थांबला. त्याने तो हात ओढून दुसऱ्या काखेत दाबून धरला.

ढाक बसली. मनालीचे पाय जमिनीवरून सुटले, ती भिमीच्या कमरेवरून गेली आणि धाडकन मातीत आली. सगळं दिसलं! विळखा, वळण, उडालेली माती, सगळं! मनालीने मान आणि टाचांवर अंग तोलून पाठ मातीपासून चार बोटं वर धरली. तीच चार बोटं, मित्रांनो! मुंबईत जी मी वर्षानुवर्षं लपवली, ती इथे लख्ख दिसत होती. "अशीच! अशीच बसली व्हती तिकडं!" गिरजाआजी ओरडली, आणि पंचांनी खाली मान घातली.

पण कुस्ती संपली नव्हती. मनाली त्याच तोलावर वळली, निसटली, मागे गेली. आणखी चार मिनिटं झुंज चालली. भिमी दमली होती. मनालीने मागून पकड घेतली, खेचलं, पलटलं, आणि भिमीचे दोन्ही खांदे मातीला लागले. स्पष्ट. पंचांनी हात वर केला.

भिमी हरली.

आता काय म्हणतील लोक? भिमी उठली, पाठीची माती झटकली, आणि सरळ माझ्यासमोर येऊन वाकून काचेत बघितलं. दम लागलेला, केसांत माती. सुयोगला विचारलं, "दादा, दिसलं ना सगळं?"

"सगळं," सुयोग म्हणाला.

खांबाला टेकलेला मनालीचा बाप तेव्हा पुढे आला. लेकीला शाबासकी द्यायच्या आधी त्याने भिमीच्या पाठीवर हात ठेवला. "बाय माझी, काय ढाक मारलीस गो!"

अंजूने ते चित्र कुठेही न कापता मोबाइलवर टाकलं. आधीचं चित्र जितक्यांनी पाहिलं त्याच्या पाव हिश्शानेही हे पाहिलं नाही. बऱ्याच जणांनी लिहिलं, कॅमेरा झोपला होता काय? पण ज्यांना जोड्या लावायच्या असतात त्यांनी पाहिलं. नुरा लढणारी पोरगी स्वतःची हार अशी उघड्यावर मांडत नाही, हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. पुढच्या चैत्रात दोघींनाही त्याच घाटवाटेच्या गावचं बोलावणं आलं. आणि त्या मैदानात मी तिपाईवर होतो.

नंतर वर्षभर दर रविवारी मी शेणव्याच्या तालमीत जायचो. मग सुयोगने नवा हलका कॅमेरा घेतला, आणि मी या कपाटात आलो. इथली दमट हवा वाईट. एका पावसाळ्यात माझ्या काचेच्या कडेला बुरशी धरली. ती सावकाश पसरते आहे, मला जाणवतं. मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊ पडून असेल तर त्याला अधूनमधून उन्हाची ऊब दाखवा, मऊ कापडाने त्याची काच पुसा. आणि पडद्यावर काही बघून कोणाचं नाव खराब करण्याआधी एवढं विचारा, की कॅमेरा तेव्हा कुठे उभा होता, आणि त्या वेळी तो हलला का. आम्ही खोटं बोलत नाही असं सगळ्यांना वाटतं. आम्ही बोलतो. मी बोललो आहे.

परवा शटर वर गेलं. कपाट उघडलं. भिमी! शेणव्याच्या तालमीत आता ती वाडीतल्या चौदा मुलींना शिकवते, आणि त्यांच्या कुस्त्या टिपायला तिला कॅमेरा हवा होता. तिने मला उचललं, ओढणीच्या टोकाने काच पुसली.

सुयोग म्हणाला, "अगो, तो म्हातारा झाला. कोपऱ्यात डाग येतो त्याच्या. नवा घेऊन जा."

"नको, दादा," भिमी मला काखेत मारत म्हणाली. "हाच बरा. हा हलत नाय."